शेल्यावरची साळुंकी

सुमित्रानं दोन्ही हात उकळत्या हंड्यात घातले आणि देवीचा शेला बाहेर ओढला.

ती ओरडली नाही. ओरडलो आम्ही, मी आणि तिचे सासरे व्यंकोबा. मी हातातली काठी टाकली, तिला कमरेला धरून मागं खेचलं आणि विहिरीजवळच्या हौदात तिचे हात दाबून धरले. शेला तिनं सोडला नव्हता, तोही हौदात आला. लाल पाणी पसरलं. यात रंग किती आणि रक्त किती, मला क्षणभर कळेना. रक्त नव्हतंच. भाजलं की रक्त येत नाही, कातडी सुटते.

"सोड तो शेला," मी म्हटलं.

"काळी आहे," ती म्हणाली. "अक्का, माझी साळुंकी काळी आहे."

व्यंकोबा घोड्याची जटका गाडी आणायला धावले. साठीचा माणूस, अनवाणी. आम्ही तिला इस्पितळात नेलं. वाटेत ती माझ्याशी बोलली, सासऱ्यांशी नाही.

साळुंकी काळी असण्यात एवढं काय, हे बाहेरच्यांना कळायचं नाही. म्हणून धंद्याचं थोडं सांगावं लागेल.

आम्ही रंगारी. कापड रंगवणं आणि त्यावर लाकडी ठसे मारणं हे आमचं काम. मैसूरला आमचे लोक कधी आले मला ठाऊक नाही. विचारलं की प्रत्येक म्हातारा वेगळ्या राजाचं नाव सांगतो. मैसूर राज्य मोठं झालं, हुबळी-धारवाडकडचा मुलूख त्यात आला, त्या सुमाराला मी लग्न होऊन अग्रहारातल्या या भट्टीवर आले. नवरा दमेकरी. भट्टीच्या धुरात तो टिकेना, म्हणून ठसे मी हातात घेतले. बायकांनी कापड धुवायचं, ठसे पुरुषांनी मारायचे, अशी आमच्यात रीत. जुने लोक कुरकुरले. मी म्हटलं, तुमच्यातल्या ज्याची मनगटं माझ्याहून जाड असतील त्यानं पुढं यावं. कुणी आलं नाही.

कापडाचं असं असतं. आधी खळ काढायची, मग हिरड्याच्या पाण्यातून काढून वाळवायचं. कापड पिवळट होतं. मग ठसे. लाल हवा तिथं तुरटीचा लगदा, काळा हवा तिथं लोखंडाचं पाणी. हे पाणी म्हणजे भंगारातलं लोखंड आणि गूळ घालून मडक्यात आंबवलेलं. वास असा की नवीन सून आली की पहिल्या दिवशी जेवत नाही. काळा उमटलेला लगेच दिसतो. तुरटीला स्वतःचा रंग नाही, म्हणून कुठं मारला ते कळायला तिच्यात चिमूटभर गेरू घालतात. मग कापड कावेरीवर नेऊन वाहत्या पाण्यात धुवायचं, आणि शेवटी तांब्याच्या हंड्यात लाल पूड आणि धायटीची फुलं घालून उकळायचं. तुरटी असेल तिथं लाल चढतो. लोखंड असेल तिथं काळा पक्का होतो. एकदा उकळी झाली की देवाच्या बापाला तो निघत नाही.

आता शेला. आमच्या समाजाचं देवीचं देऊळ आहे. खंडेनवमीला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आम्ही ठसे धुऊन देवीपुढं मांडतो आणि देवीला नवा शेला पांघरतो. त्या शेल्याच्या काठावर आमच्यातले जे लढाईवर गेले त्यांचे बुट्टे असतात. प्रत्येकाचा वेगळा ठसा, घरच्यांनी निवडलेला. पोपट, कैरी, मोर, काहीही. नावं नाहीत, कारण रीत सुरू झाली तेव्हा वाचणारेच थोडे होते. राजाच्या घोडदळातून आमचे काही लोक समुद्रापार गेले होते, तेव्हापासूनची ही रीत. परत आला त्याचा बुट्टा लाल. लढाईत गेला त्याचा काळा. परत येऊन पुढं म्हातारपणानं मेला तरी लालच राहतो. दसरा झाला की काठ कापून ज्याचा तुकडा त्याच्या घरी देतात. लोक देवघरात ठेवतात. शहरात चौकाचौकात पुतळे आहेत. आमच्याकडं दगड नाही, कापड आहे. ते दर वर्षी नवं करावं लागतं, आणि मला तेच बरं वाटतं. दगड एकदा बसवला की त्याच्याकडं कोण बघतं?

देवीच्या अंगावर काळा कसा, असं बाहेरचे विचारतात. आमचं पोटच काळ्यावर. चंद्रकळा आम्हीच रंगवल्या.

नियम एकच. घरातल्या मोठ्यानं ठसा घेऊन यायचं आणि रंग सांगायचा. छापणाऱ्यानं विचारायचं नाही, फक्त छापायचं. पासष्टच्या लढाईनंतर एक आई आली. मुलाचा ठसा पदराखालून काढून माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाली, "काळा. आणि चांगला काळा हवा. माझ्या पोराचा फिका उठवलास तर बघ." मी मडक्यातलं सगळ्यात जुनं पाणी वापरलं. पुढं ती दर वर्षी येऊन काठावर बोट फिरवून बघायची, आणि न बोलता जायची.

सगळेच असे नव्हते. एक गृहस्थ लष्कराच्या हिशेबाच्या कचेरीत होते, बंगळुरात, पंख्याखाली. त्यांना बुट्टा हवा होता, तोही वाघ. मी सांगितलं, पंख्याचा ठसा आणलात तर छापते. त्या घरचे अजून माझ्याशी बोलत नाहीत.

खुद्द व्यंकोबांचं प्रकरण तर वर्षभर चाललं होतं म्हणे, मी यायच्या आधी. ते बर्मात होते, पण स्वयंपाकी म्हणून. पंच म्हणाले, हा लढला कुठं? व्यंकोबा म्हणाले, "पलटण उपाशीपोटी बंदूक चालवत होती का?" शेवटी त्यांना बुट्टा मिळाला. त्यांनी वांगं निवडलं. देवीच्या शेल्यावर वांगं! पण दिसायला छान होतं, देठ वाकडा, पोटात ठिपके. व्यंकोबा स्वतः रंगारी होते, चांगले. माझ्या भट्टीवर येऊन बसायचे, चुका काढायचे, कॉफी प्यायचे.

त्यांचा मुलगा नारायण एकाहत्तरच्या लढाईला पश्चिमेकडं गेला. लढाई संपली. नारायण मेला असंही कळलं नाही, धरला गेला असंही नाही. बेपत्ता, असं कळवलं लष्करानं. घरात बायको सुमित्रा आणि दोन वर्षांची मुलगी कमल. सासू नव्हती. सुमित्रा माझ्याकडंच कापड धुवायला आणि हंडा ढवळायला असायची. हाडाची, उंच, तोंडाची फटकळ. माझं तिच्याशी पटायचं.

नारायणचा ठसा करून घ्यायचा होता. साळुंकी सुमित्रानंच सुचवली. का, ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आमच्या गल्लीतल्या सुतारानं सागवानात कोरून दिली, चोच जरा जाड आली. तिला वाटत होतं की या दसऱ्याला नारायण स्वतः येऊन लाल म्हणून सांगेल. नाही आला तर सासरे सांगतील, पण लालच सांगतील.

पितृपक्ष संपला आणि सुमित्रा चार दिवस माहेरी नंजनगूडला गेली. ती नसताना व्यंकोबा ठसा घेऊन आले. पाटावर ठेवला.

"काळा," ते म्हणाले.

मी हात पुसले. "सुमित्राला विचारलंत?"

"ठसा घरातला मोठा आणतो. हा नियम तुझा की माझा?"

"देवीचा."

"मग छाप."

मी नियम मोडून विचारलं, "कळलं का काही?"

"मला कशाला कुणी कळवायला हवं? रखमा, बेपत्ता म्हणजे काय ते मी बर्मात बघितलंय. सकाळी ज्याला भात वाढला तो संध्याकाळी नाही. पुरायलाही काही नाही. मग कारकून लिहितो, बेपत्ता. मी अशा पोरांची ताटं धुतलीत. पक्षात त्याचं पान वाढलं. हिला न सांगता. कावळा लगेच शिवला. लगेच! माझं पोर उपाशी फिरत होतं इतके महिने."

बाप आपल्या मुलाला जेवायला घालत होता. त्यांच्या मनात सुनेचं वाईट करायचं नव्हतं. पण काळा छापला की पुढं काय होतं ते त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. देवीच्या अंगावर काळा चढला की समाजात तो मेला. मग तिचं कुंकू, बांगड्या, मंगळसूत्र. बायका दुसऱ्या दिवशी दारात उभ्या राहतात, रडायला आणि बघायला.

मी काळा छापला. मला त्याचा पश्चात्ताप नाही. छापणारीनं रंग ठरवायला लागलं तर शेला तिचा होईल, देवीचा राहणार नाही. वाईट वाटतं, ते वेगळं.

अष्टमीला दुपारी हंडा चढवला. व्यंकोबा बसले होते. सुमित्रा नंजनगूडहून बसनं आली ती घरी न जाता तशीच भट्टीवर आली, कारण ढवळायचं काम तिचं. मी काठीनं काठ वर उचलला होता. तिनं बघितला. पुढचं वर लिहिलंच आहे.

शेला वाया गेला. अर्धवट उकळलेला, लाल कुठं चढलाय कुठं नाही, डाग पडलेले. काळे मात्र सगळे पक्के बसले होते. लोखंड वेळ घेत नाही. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी ठसे देवीपुढं असतात, त्यांना कामाला लावणं म्हणजे पाप. म्हणजे नवा शेला होणं शक्यच नव्हतं.

देवळात सगळे जमले. पंचांतले मोठे म्हणाले, दुकानातून रेशमी आणू. एक म्हातारी उसळली. "रेशमी आणा, आणि वर लिहा, आमच्याकडं रंगारी मेले."

"मग काय देवीला तशीच बसवू?"

"घरी तुकडे आहेत की नाहीत? का विकून खाल्ले?"

लोक घरी गेले. देवघरांतून जुने तुकडे आले. कुणाचा गेल्या वर्षीचा, कुणाचा आजोबांच्या वेळचा, हळदीकुंकवानं माखलेला, एकाला उंदरानं कुरतडलेलं. बायकांनी बसून एका पांढऱ्या कापडाला ते टाचले. मी पण टाचत होते. पंच म्हणत राहिले, हे काही बरं दिसत नाही. पण देवीच्या अंगावर चढल्यावर तेही पुढं सरकून बघायला लागले. इतक्या वेगवेगळ्या वर्षांचे लाल एका जागी कुणीच पाहिले नव्हते. पासष्टमध्ये मुलगा गेलेली ती आई काळ्यावर बोट ठेवून म्हणाली, "अजून फिका नाही." पासष्टनंतर ती माझ्याशी बोलली ती ही दुसरी वेळ.

साळुंकी त्या शेल्यावर नव्हती. जुना तुकडाच नव्हता तर टाचणार काय?

दसरा झाला. सुमित्राचे हात कापसात बांधलेले. मी तिला भरवायला जायची, कारण सासऱ्यांच्या हातचं ती खाईना. व्यंकोबा स्वयंपाक करायचे, मी भरवायची. एकदा तिनं त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मला सांगितलं, "आमच्या गल्लीतला कावळा कशाला पण शिवतो. काल चपलेला शिवला." आतून भांड्यांचा आवाज थांबला. मग परत सुरू झाला.

थोड्या दिवसांनी व्यंकोबा भट्टीवर आले. कॉफी नको म्हणाले. तो वाया गेलेला शेला मागितला. मी काढून दिला. त्यांनी तो मांडीवर घेऊन साळुंकीवर अंगठा घासला. एवढ्या वर्षांचा रंगारी, पण लहान मुलासारखा घासत होता.

"निघेल?" मला म्हणाले.

"तुम्हीच मला शिकवलंत की निघत नाही."

"हं."

अंगठा परत एकदा घासून बघितला. मग म्हणाले, "रखमा, लालावर काळा कधीही चढतो."

"चढतो. लोखंडात बुडवायचा अवकाश."

"आणि काळ्यावर लाल?"

"अय्यो, आता हे पण मी सांगू?"

"मग एवढं आयुष्य या धंद्यात काढून मला कळायला नको होतं? मेला असेल तर लाल काळा करायला किती वेळ लागतो? नसेल मेला तर काळ्याचं काय करायचं?" त्यांनी शेल्याची घडी घातली. "पुढच्या वर्षी लाल छाप."

"आणि कावळा?"

"कावळ्याचं मी बघतो."

त्याच हिवाळ्यात पाकिस्तानातून आपले कैदी सुटून आले. पेपरात नावं आली, सुमित्रानं शेजारच्या मास्तरांकडून दोनदा वाचून घेतली. नारायण त्यांत नव्हता. मला वाटलं, आता व्यंकोबा बदलतील. पुढच्या दसऱ्याला ते ठसा घेऊन आले, सुमित्रा मागं उभी होती.

"लाल," ते म्हणाले, आणि मागं वळून तिच्याकडं बघितलं. ती ठशाकडं बघत होती. पण त्या दिवशी घरी जाऊन तिनं त्यांच्या हातचं जेवण मागून घेतलं, असं कमलनं मला पुढं कधीतरी सांगितलं.

त्यानंतर साळुंकी दर वर्षी लाल. व्यंकोबांनी नारायणचं पान परत कधी वाढलं नाही. गल्लीत बोलणारे बोलायचेच. हळदीकुंकवाला सुमित्रा आली की एकजण तरी म्हणायची, "हिचं कुंकू आमच्या रखमाक्काच्या हंड्यात आहे ग." सुमित्रा म्हणायची, "तुझं कुठं आहे? ब्रँडीच्या दुकानात?" सुमित्राची बोटं पूर्ण मिटत नव्हती, तरी तिनं कापड धुवायचं काम सोडलं नाही. पिळायचं काम दुसरी करायची.

व्यंकोबा झोपेत गेले. वांगं अर्थात लालच राहिलं. त्यानंतर ठसा सुमित्रा आणू लागली. कमल शिकली, जयलक्ष्मीपुरमला नोकरीला लागली, तिचं लग्न ठरलं. लग्नात मुलीची आई म्हणून सगळं सुमित्रानं केलं, सवाशिणीच्या मानानं, चुडा भरून. व्याह्यांकडच्या एका बाईनं मला बाजूला घेऊन विचारलं, "यांचे यजमान?" मी म्हटलं, "लाल आहेत." तिला काही कळलं नाही. जेवायला बसवलं.

लग्नानंतरच्या दसऱ्याला सुमित्रा ठसा घेऊन आली. भट्टी तेव्हा नावालाच उरली होती. भाच्यानं मेटगळ्ळीला कारखाना काढला होता, तिथं डब्यातून थेट लाल निघतो, थेट काळा निघतो, हिरडा नको, नदी नको. चांगला धंदा आहे, मी नावं ठेवत नाही. पण शेला मी हातानंच करत होते.

"अक्का, आज काळा," ती म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"कोण सांगणार? घरात मोठी मीच."

"काही कळलं का? पत्र-बित्र?"

"काही नाही. सुम्मने." म्हणजे उगाच, असंच. ती पाटावर बसली. "कमल गेली सासरी. आता दार वाजलं की मीच उठते. दर वेळेला वाटतं तोच असेल. दूधवाला असतो. अक्का, मी दमले. त्याला मरू दे आता."

"एकदा काळा झाला की..."

"मला सांगतेस?"

मी लोखंडाचं मडकं पुढं ओढलं. तिनं ठसा स्वतः बुडवला. म्हणाली, मी मारते. पण मूठ वळेना. तिनं ठसा काठावर नेमक्या जागी ठेवला, वर आपला तळहात ठेवला, आणि माझ्याकडं बघितलं. मी तिच्या हातावर मूठ मारली. हलकी नाही. हलकी मारली तर काळा फिका उठतो.

ठसा उचलला. साळुंकी लगेच काळी दिसली. तिनं वाकून बघितली, म्हणाली, "चोच जाडच आहे."

खंडेनवमीला देवीच्या अंगावर शेला चढला. दुसऱ्या दिवशी बायका तिच्या दारात गेल्या. तिनं सगळ्यांना कॉफी दिली आणि कुणाला रडू दिलं नाही.

नारायण आला नाही. तिनं हंड्यातून शेला ओढला त्या दुपारी भट्टीवर आम्ही तिघं होतो. व्यंकोबा गेले. सुमित्रा आणि मी आहोत.